बोटांना न सापडलेले साप

नाटकमंडळींचं नेपथ्य उभारणाऱ्या मिस्त्रींना मानपत्र द्यायचं ठरलं, तेव्हा ते रंगवायचं काम आपसूक पेंटरबाईंकडे आलं. इतकी वर्षं मिस्त्री भिंती ठोकायचे आणि बाई त्या रंगवायच्या. उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स दर्यावर्दी लोकांच्या लाकडी कोरीवकामावर मिस्त्रींचा भारी जीव. म्हणून बाईंनी मजकुराभोवती एकमेकांत गुंतलेले साप काढले. सावल्या अशा जीव ओतून भरल्या की साप कागदातून वर आलेत असं वाटावं.

मिस्त्री समारंभाला आलेच नाहीत. मग बाई मानपत्र घेऊन त्यांच्या घरी गेल्या. वहिनी दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "नजर गेली हो त्यांची. कुणाला सांगू देत नाहीत."

बाई कागदाची गुंडाळी सावरत आत शिरल्या.

"बाई, काय आणलंत?" पावलांची आणि कागदाची चाहूल लागून आतून मिस्त्रींनी विचारलं.

"मानपत्र. तुमचे साप काढलेत भोवती."

मिस्त्रींचा चेहरा खुलला. कागद मांडीवर उलगडून ते लाकूड चाचपावं तशी बोटं फिरवू लागले.

"कुठायत?"

बाईंनी त्यांचं बोट धरून सापाच्या डोक्यावर ठेवलं. "हा इथून वळतो, मग त्याच्या खालून..." अर्ध्यातच मिस्त्रींनी हात काढून घेतला.

"छानच असणार. भिंतीवर लावा नाहीतर माळ्यावर टाका, मला सारखंच," म्हणत ते एकटेच हसले.

वहिनींनी ते भिंतीवर लावलं. बाई पुढंही येत राहिल्या, पण बसायच्या त्या भिंतीकडे पाठ करून.