सातव्या मजल्यावर लिफ्ट थांबत नाही

आमच्या काकांनी उभी हयात या शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली, आणि त्याच काकांना छातीचं दुखणं घेऊन सात मजले पायी उतरावे लागले, हे आठवलं की माझ्या तळपायाची आग अजूनही मस्तकात जाते. शांतपणे सांगता येईल त्यानं ही गोष्ट सांगावी, मला जमणार नाही. माझी नोकरी वॉशिंग मशीनच्या कंपनीत, फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकण्याची. दिवसभर 'हो ताई, समजलं साहेब' करत बसायचं, त्यामुळे माझा स्वतःचा राग संध्याकाळपर्यंत चांगला मुरलेला असतो.

काका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. सातव्या मजल्यावर दोनच घरं, एक त्यांचं आणि एक आमचं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, त्यामुळे काकांच्या वाट्याची सगळी माया आणि सगळे टोमणे मलाच मिळत आले. मला ते 'ठिणगी' म्हणतात. विजेच्या कामातल्या माणसाला याहून गोड नाव सुचायचं नाही.

हाताला ग्रीसचा वास, खिशात कायम टेस्टर आणि बोलणं इतकं हळू की समोरच्यानं वाकून ऐकावं. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं मात्र त्या आवाजावर जगायची. एकदा एक नवं जोडपं दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं. काका दाराबाहेर फरशीवर बसून फटीतून त्यांच्याशी बोलत राहिले, धीर देत राहिले. अखेर लिफ्ट सुरू होणार तेवढ्यात आतून बायको म्हणाली, "जरा थांबा हो, हे आज पहिल्यांदाच माझं ऐकून घेतायत." काका खरंच थांबले. वरच्या साहेबानं उशिराचं कारण विचारलं तर म्हणाले, "आतलं काम बाकी होतं."

आम्ही ज्यू. एवढ्या मोठ्या शहरात आमची माणसं चिमूटभर. शुक्रवारचा सूर्य मावळला की आमचा शब्बाथ लागतो, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. त्या वेळात काम करायचं नाही, लिहायचं नाही, आग पेटवायची नाही, आणि काकांच्या मते विजेचं बटणही दाबायचं नाही. आठवडाभर बटणांतच बोटं घालणारा हा माणूस शनिवारी हात मागे बांधून हिंडतो. बरं, दुसऱ्या कुणाला 'माझ्यासाठी एवढं बटण दाबा' असं सरळ सांगायलाही मनाई. फार तर आडून सुचवायचं. आता आडून सुचवणं ही कला आहे, आणि ती काकांना या जन्मी येणार नाही. एका शुक्रवारी त्यांचा रेडिओ चालूच राहिला. शनिवारी सकाळपासून गाणी ठणाणा वाजायला लागली. काकांनी जिन्यात गाठलेल्या शेजाऱ्याला सुचवलं, "आज आमच्याकडे फार गाणी आहेत." शेजारी खूश. दुपारी बायकोला घेऊन, चांगले कपडे घालून आला आणि दोघं तासभर सोफ्यावर बसून मान डोलवत ऐकत बसली. जाताना म्हणाली, "पुन्हा बोलवा हं." रेडिओ रात्रीपर्यंत गात होता.

मी स्वतः एवढं पाळत नाही. पण शब्बाथच्या दिवशी मी दाबलेल्या बटणाचा फायदाही काका घेणार नाहीत, म्हणून माझा काही उपयोग नाही. यावर काकांनी फार पूर्वीच तोड काढली होती. आमच्या इमारतीच्या लिफ्टला त्यांनी एक किल्ली बसवली. शुक्रवारी संध्याकाळी ती फिरवली की लिफ्ट शनिवारभर आपली आपण प्रत्येक मजल्यावर थांबत वरखाली करायची. बटण कुणी दाबायला नको. घाईत असलेले चार लोक कुरकुरायचे, पण म्हातारी माणसं, भाजीची पिशवी घेतलेल्या बायका, दोन्ही हातांत बाळ धरलेल्या आया, सगळ्यांना ती सोयीची वाटायची. आणि जेव्हा जेव्हा लिफ्ट बंद पडायची तेव्हा रात्री-अपरात्री टेस्टर घेऊन कोण धावायचं? काकाच. फुकट. ही गोष्ट कमिटीनं सोयीस्करपणे विसरावी याचाच मला संताप येतो.

यंदा आठव्या मजल्यावरचे गृहस्थ चेअरमन झाले. त्यांच्या वेळेला फार किंमत. शनिवारी त्यांना टेनिस खेळायला जायचं असतं आणि लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते, म्हणजे जणू त्यांच्या आयुष्याची माती झाली. त्यांनी वार्षिक मीटिंग बोलावली, आणि कधी? शनिवारी सकाळी. काका प्रार्थना उरकून बिचारे वेळेवर हजर. दारात हजेरीचं रजिस्टर. काका म्हणाले, "आज मला लिहिता येत नाही. संध्याकाळी सही करतो."

"सही नाही तर मत नाही," चेअरमन म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

मी उठले, तर म्हणे तुमचं घर अजून वडिलांच्या नावावर आहे, तुम्ही सभासद नाही. बाबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं आणि मला अजून त्यांचं कपाट उघडण्याची हिंमत नव्हती, तर कागदपत्रं कुठून करणार? किल्ली काढून टाकायचा ठराव पास झाला. ज्यांच्या घरी काकांनी मिक्सरसुद्धा दुरुस्त करून दिले होते, ते सगळे मूग गिळून बसले. चेअरमन वर म्हणाले, "कुणाच्या धर्माला विरोध नाही, पण लिफ्ट सगळ्यांची आहे." अहो, सगळ्यांची आहे म्हणता तर तुमच्या त्या 'सगळ्यांत' काका येतात की नाही?

काका काय म्हणाले? काही नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच स्क्रू काढून किल्लीचा भाग कमिटीच्या हातात दिला. "दुसऱ्या कुणी काढला तर वायर तोडेल," म्हणे. मला त्या दिवशी चेअरमनइतकाच राग काकांचा आला.

आणि पुढच्याच शनिवारी बाबांचं वर्षश्राद्ध येत होतं. श्राद्ध हा शब्द आमचा नाही, पण अर्थ कळावा म्हणून म्हणते. त्या दिवशी प्रार्थनालयात जाऊन गेलेल्या माणसासाठी कद्दीश म्हणायचा असतो. कद्दीशमध्ये गेलेल्याचं नावसुद्धा नसतं, सगळी देवाची स्तुती. आणि ही स्तुती दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही. बाबांना मुलगा नाही, मी एकटी. मी म्हणू का, असं प्रार्थनालयाच्या कारभाऱ्यांना आधीच विचारलं होतं. आमचे कारभारी चष्म्याच्या दुकानाचे मालक, दुसऱ्यांना नंबर काढून देतात. म्हणाले, "आपल्याकडे तशी पद्धत नाही. काका म्हणतील ना." म्हणजे बाबांची प्रार्थना काकांवर, आणि काका सातव्या मजल्यावर. डॉक्टरांनी त्यांच्या छातीत दोन बारीक नळ्या बसवल्या होत्या. काका त्यांना स्प्रिंगा म्हणायचे. स्प्रिंगांना जिने वर्ज्य होते.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं लिफ्टच्या दारासमोर उभे राहिलो. आठव्या मजल्यावरून लिफ्ट खाली गेली. न थांबता. पुन्हा वर आली, पुन्हा गेली. आत कुणीतरी शीळ घालत होतं. थांबण्यासाठी आमच्या मजल्यावर कुणीतरी येणारं असायला हवं, आणि आमच्या मजल्यावर यायला आम्हा दोघांशिवाय होतं कोण?

"काका, घरी चला. दादा समजून घेईल," मी म्हणाले. बाबांना ते दादा म्हणायचे म्हणून माझ्याही तोंडून तेच निघालं.

"उतरायला काय लागतं?" असं म्हणून काका कठडा धरून निघाले.

प्रत्येक मजल्यावर ते थांबायचे. धाप लागलीय हे मला कळू नये म्हणून लिफ्टच्या दाराला कान लावून उभे राहायचे आणि सांगायचे, "गाईडला तेल नाही घातलेलं. ऐक, कशी किरकिरतेय." जिनं त्यांना नाकारलं तिचीच काळजी! मी दातओठ खात त्यांच्या मागून उतरत होते.

आमचं प्रार्थनालय एका छापखान्याच्या मागे आहे. लांबट खोली, दोन रांगा बाकं, भिंतीवर पंखा आणि एका कोपऱ्यात बायकांसाठी पडदा. पडद्यामागे त्या दिवशी मी एकटीच. प्रार्थना सुरू करायची वेळ झाली तसे कारभारी उठले. माणसं आकड्यांनी मोजू नयेत अशी आमची रीत आहे. माणसं म्हणजे काय बटाटे आहेत, अशी त्यामागची भावना. म्हणून दहा शब्दांचं एक वचन असतं, एकेकाकडे पाहत एकेक शब्द म्हणत जायचं. कारभाऱ्यांनी तसं म्हटलं आणि नवव्या शब्दाला माणसं संपली. नेहमी येणाऱ्या घड्याळवाल्याला ताप होता. शेवटचा शब्द कारभाऱ्यांच्या तोंडातच राहिला.

मग वाट पाहणं सुरू झालं. एकजण रस्त्यावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना 'तुम्ही आमच्यातले का हो?' असं विचारून आला. लोक अंग चोरून पुढे जात होते. आत काका भिंतीला टेकून बसले होते, ओठ पांढरे पडलेले. सात मजले उतरून आलेला माणूस, आणि समोर कद्दीशचं पान उघडं. मला बसवेना. मी पडदा बाजूला केला आणि म्हणाले, "मी आहे ना."

कारभारी हसले. वाईट माणूस नाही तो. पण त्या हसण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आहेस गं. पण तुला धरता येत नाही."

"का?"

"नियम आहे. मी केलेला नाही."

दुकानदार, शिक्षक, शिंपी, सगळे एकदम पुस्तकात डोकं घालून बसले. मला वाटलं, आता मीच ओरडणार. तेवढ्यात काका उठले. एवढ्या वर्षांत मी त्यांना चारचौघांत आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. आवाज चढला नव्हताच, पण कुणाला वाकून ऐकावं लागलं नाही.

"मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या," ते म्हणाले. "आत पाटी असते. दहा माणसं. त्यात बाई चढली तर तिचं वजन धरायचं नाही, असं मला एकाही लिफ्टनं सांगितलं नाही."

"इथे लिफ्ट नाही, काका," कारभारी म्हणाले. "देवाचं घर आहे. इथे वर्षानुवर्षं हेच चालत आलंय."

"मला माहीत आहे. मी नियम मोडा म्हणत नाही. मी स्वतः सगळे पाळतो, तुम्ही पाहताय. तिचा बाप गेलाय. ती वर्षभर पडद्यामागे येऊन बसतेय, आणि तुम्ही रस्त्यावरचा कुणीही चालेल म्हणून शोधताय."

कारभाऱ्यांनी मान हलवली. हो म्हणून नव्हे, नाही म्हणून.

काकांनी खांद्यावरची प्रार्थनेची शाल काढली, नीट चौपदरी घडी केली आणि बाकाच्या खणात ठेवली. "मग मलाही धरू नका. आता तुम्हाला दोघं शोधायचे आहेत."

आणि चालू लागले. मी त्यांच्यामागे धावले. कुणाचा आनंद आणि कसला आनंद, मी संतापले होते! "काका, हे काय करून बसलात? दुपारपर्यंत कुणी ना कुणी दहावा मिळाला असता. बाबांचं काय आता?"

"मिळाला असता," काका म्हणाले. "आणि तू पडद्यामागेच बसली असतीस."

"बसले असते! बाबांसाठी बसले असते. तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझी बाजू घ्यायला? कमिटीपुढे तोंडातून शब्द निघाला नाही आणि इथे नको तेव्हा निघाला!"

"तिथे गोष्ट माझी होती," एवढंच म्हणून ते चालत राहिले.

इमारतीत शिरलो. लिफ्ट तळमजल्यावर दार उघडं टाकून उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जिना चढायला लागले. मी हात धरला तर सोडवून घेतला, पुढच्या मजल्यावर मात्र आपणहून माझा हात शोधला. चौथ्या मजल्यावर ते पायरीवर बसले. कपाळावर घाम, एक हात छातीवर. मी डॉक्टरांना फोन करायला पर्स उघडली, तर त्यांनी बोटानं थांब म्हटलं. श्वास जरा ताळ्यावर आला तेव्हा म्हणाले, "म्हण."

"काय म्हणू?"

"कद्दीश. पाठ आहे तुला. लहानपणी दादा शिकवायचा तेव्हा मी आतल्या खोलीतून ऐकायचो."

"इथे? जिन्यात? दहाजण नाहीत काका. नियमात बसत नाही."

"नाही बसत. मला माहीत आहे ना." त्यांनी भिंतीला हात टेकवून उठायचा प्रयत्न केला, कारण कद्दीश उभं राहून ऐकायचा असतो. मी त्यांना खांद्यानं आधार दिला. आणि म्हटला. पहिले शब्द रागानंच निघाले, चेअरमनच्या, कारभाऱ्यांच्या, बाबांच्यासुद्धा रागानं, की त्यांनी मला पाठ करायला शिकवलं आणि म्हणायची जागा ठेवली नाही. मधेच कुठेतरी आवाज फुटला. वर्षभर मी रडले नव्हते, नुसती चिडत होते, हे तेव्हा कळलं. जिथे जिथे थांबायचं तिथे काका 'आमेन' म्हणत होते, धाप लागलेली असताना, एकदाही न चुकता. दोन दारं उघडली, चार डोकी बाहेर आली. मी थांबले नाही.

संपल्यावर काकांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "एवढ्या मोठ्यानं ओरडलीस ठिणगे, दादाला ऐकू गेलंच असणार. चल, हात दे. अजून तीन मजले आहेत."