माहेरहून आलेला मायक्रोवेव्ह

माझ्या नवऱ्याचं कामच मायक्रोवेव्हचं होतं. धुळ्याला टेलिफोन खात्यात तो ज्युनियर इंजिनियर होता. फोनचं बोलणं तेव्हा तारांऐवजी टॉवरवरून जायला लागलं होतं. टॉवरवर परातीसारख्या मोठाल्या तबकड्या, एका टॉवरची तबकडी लांबच्या दुसऱ्या टॉवरकडे तोंड करून बसवलेली. लग्नानंतर त्याने मला टॉवर दाखवायला नेलं होतं. "या लहरी सरळ जातात," तो म्हणाला, "मध्ये डोंगर आला की बोलणं अडतं. म्हणून डोंगराच्या डोक्यावरच टॉवर बांधायचा." तो समजावून सांगायला लागला की ऐकत राहावं असं वाटायचं. मला त्याचं तेच आवडलं होतं.

माझं माहेर जळगावजवळच्या असोद्याचं. भाऊ आखातात इलेक्ट्रिशियन होता. नव्वदीच्या सुरुवातीला, माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला, त्याने तिकडून एक मायक्रोवेव्ह ओव्हन आणला आणि जळगावहून एसटीत मांडीवर ठेवून धुळ्याला पोचवला. आमच्या कॉलनीत कुणी तसली वस्तू पाहिलेली नव्हती. सासूने ओव्हन बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी ठेवायला लावला. येईल त्या बाईला ती त्यात पाणी उकळून दाखवायची आणि म्हणायची, "विस्तव नही, काही नही, दखा!" तिचा दुपारचा चहा मी त्यातच गरम करत असे.

थंडीत मला दिवस गेले आणि पुढे उन्हाळा लागला. धुळ्यात नळाला पाणी नव्हतं, टँकर यायचा. टँकरचा भोंगा वाजला की सासू हंडे माझ्यापुढे सरकवायची. पाचवा महिना लागला तरी ते थांबलं नाही. एकदा मी म्हटलं, "आई, कंबर दुखते." ती म्हणाली, "मी शेतमा बाळंत व्हयनू नि संध्याकायले भाकरी थापी." नवरा पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं.

एका सकाळी पाणी भरून आले आणि मोरीतच खाली बसले. रिक्षात पातळ भिजलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगा होता. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला माझ्या खाटेजवळ उभं करून सांगितलं, "पिशवीचं तोंड कमजोर आहे. यांना विश्रांती हवी होती, तुम्ही ओझी उचलू दिलीत. पुढच्या वेळी आधी या, मी टाका घालीन. मूल नीट होईल." नवऱ्याने मान हलवली. मी ते शब्द धरून ठेवले. मूल नीट होईल.

घरी आले तर दारात सासू आणि कॉलनीतल्या चारपाच बाया. त्यातल्या एकीने कुठेतरी ऐकलं होतं की त्या पेटीतून किरणं निघतात आणि ती बाईच्या पोटाला बाधतात. सासूला कारण मिळालं. मला उंबरा ओलांडू देण्याआधीच ती म्हणाली, "ती पेटी बाहेर काढ. तुन्हा मायेरनी पेटीनी मन्हा नातू खाधा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. दिवसभर या लहरींचंच काम करणारा माणूस. त्याने चपला काढल्या, पाय धुतले आणि आत गेला.

ओव्हन मलाच उचलायला लावला. दवाखान्यातून आलेली मी, तो पोटाशी धरून मागच्या अंगणात घेऊन गेले. संडासाच्या भिंतीला लागून ठेवला. बाया बघत होत्या. कुणी पुढे झालं नाही, कारण त्या पेटीला हात लावायची सगळ्यांना भीती वाटत होती.

मग मला दूध आलं. मूल नसताना दूध येतं हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. जुन्या लुगड्याच्या घड्या करून मी चोळीत ठेवायची. सासूने त्या वाळत घातलेल्या पाहिल्या आणि शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाली, "दूध शे, पेणारं कोठे शे?"

पावसाळ्यानंतर खात्याने धुळ्याजवळच्या एका गावाबाहेर, टेकडीवर, नवा टॉवर उभा करायला घेतला. गावकऱ्यांनी हरकत घेतली. सरपंचांनी एका रविवारी नवऱ्याला सपत्नीक जेवायला बोलावलं आणि गावाला समजावून सांगा म्हणून विनंती केली. भरीत-भाकरीचं जेवण झालं. देवळापुढच्या ओट्यावर माणसं बसली, बाया एका बाजूला. मीही त्यांच्यात बसले. एक म्हातारी उभी राहिली.

"साहेब, मन्ही सून पोटशी शे. त्या टावरना किरनं पोटले लागतीन का?"

नवरा हसला. मायेने हसला, तसं तो घरात कधी हसत नसे. म्हणाला, "अक्का, इकडे बसा. नीट ऐका. टॉवरवरच्या लहरी तुमच्या डोक्यावरून, लांबून, सरळ दुसऱ्या टॉवरकडे जातात. त्यांचा जोर अगदी थोडा असतो. आता शहरात अन्न गरम करायच्या पेट्या आल्यात, त्यांत याच जातीच्या लहरी असतात आणि कितीतरी जास्त जोराच्या असतात. पण पेटी लोखंडाची, दाराला बारीक जाळी. लहरी जाळीतून बाहेर येत नाहीत. दार उघडलं की पेटी आपोआप बंद. त्यानं कुणाचं पोट पडत नाही. असं कुणी सांगितलं तर तो अडाणीपणा आहे. सुनेला नीट खायला घाला, आणि या दिवसांत तिला जड उचलू देऊ नका. त्याने पोट पडतं."

म्हातारीने हात जोडले. शेजारची बाई मला म्हणाली, "तुमचे मालक किती चांगलं सांगतात." माझ्या हातात सुपारीची तबकडी होती. ती मी पुढच्या बाईकडे सरकवली.

परत येताना स्कूटरवर मी मागून विचारलं, "हे आईंना का नाही सांगितलं?"

वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं. पण घराजवळ गाडी लावताना तो म्हणाला, "दोषाला पेटीचं नाव लागलं ते बरं झालं. नाहीतर तुझं लागलं असतं. नाहीतर आईचं. घरात शांतता राहिली ना?"

माझ्या भल्यासाठीच तो गप्प राहिला होता, हे त्याने मला पटवून द्यायचा प्रयत्न केला. मला काही दिवस ते जवळजवळ पटलंही.

अंगणातल्या ओव्हनचं दार उघडंच असायचं. सासूच्या कोंबड्यांपैकी एक त्यात अंडी घालायला लागली आणि मग खुडूक बसली. एके सकाळी मी भांडी घासत असताना सासूची हाक आली. शेजारच्या बायाही कुंपणावरून डोकावल्या. त्या काचेच्या ताटलीवर पिवळी पिल्लं चिवचिवत होती. सासूने एक पिल्लू उचलून तळहातावर घेतलं, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दखा, कोंबडीले पिलं व्हयनात. पेटीना काय दोस नही. दोस हिना शे."

बाया हसल्या. नवरा दात घासत अंगणातच उभा होता. त्याला टाका माहीत होता, हंडे माहीत होते. त्याने चूळ भरली, थुंकली, आणि पंच्याने तोंड पुसत माझ्या शेजारून निघून गेला.

त्या दिवसापासून सासू उघड उघड शिरपूरकडच्या एका मुलीची चौकशी करू लागली. मला ऐकू यावं म्हणून माझ्यादेखतच. नवऱ्याने 'नको' म्हटलं नाही. महिनाभर वाट पाहून मी एक पिशवी भरली आणि जळगावची एसटी धरली. जाताना सासू म्हणाली, "पेटी नेई जाय." मी म्हटलं, "राहू द्या, तुमच्या कोंबडीला लागेल." तिला दीड वर्षात मी दिलेलं ते एकच उत्तर.

चार माणसांसमोर फारकत झाली. माझ्या आईने एकदाच विचारलं, थोडं सोसता आलं नसतं का, आणि मग पुन्हा विचारलं नाही. मी जळगावात एका एसटीडी बूथवर काम धरलं. काचेच्या खोलीत माणसं ओरडून बोलायची, मी बाहेर बसून नंबर लावून द्यायची.

एका दुपारी फोन वाजला. धुळ्याहून, त्याचा होता. आवाज इतका स्वच्छ की तो शेजारी बसल्यासारखा वाटला.

"आई अंथरुणाला खिळलीय," तो म्हणाला. "एक बाजू गेली. परक्या बाईच्या हातचं खात नाही. तू दोन महिने येशील?"

"तुमची बायको?"

"तिला पाचवा चालू आहे. तिला काही उचलू द्यायचं नाही म्हणून मी आधीच सांगून ठेवलंय. आईलासुद्धा. स्पष्ट."

मला वाटलं होतं, असं काही कधी कानावर आलं तर मी ओरडेन. मी ओरडले नाही. बाहेर एक म्हातारे आबा नाशिकचा नंबर लिहिलेला कागद घेऊन ताटकळत उभे होते.

"बरं केलंत," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला. मग आबांच्या हातातला कागद घेतला.