केरीच्या तिसऱ्या आणि माझं विज्ञान

गोवा राज्य झालं त्या सुमारास मी केरीजवळच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर म्हणून लागलो. मी इब्रामपूरचा, डोंगराकडचा. समुद्राशी ओळख ताटातल्या माशांपुरती. पण वीसेक वर्षं शिकवलं की माणसाला आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं. मला ते पहिल्याच वर्षी वाटलं होतं.

नोकरीच्या विसाव्या वर्षी एका मासिकात वाचलं, की धुरातला कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरतो, पाणी आम्लाकडे झुकतं आणि शिंपल्यांना कवच बांधणं जड जातं. लगेच रविवारी लिटमसचे कागद खिशात घालून मी ओहोटीला खाडीच्या तोंडाशी गेलो. आमच्या शाळेच्या शिपायाची बायको आणखी दोघींबरोबर वाळू उकरून तिसऱ्या, म्हणजे खायचे छोटे शिंपले, काढत होती. कुणी विचारलं नसताना मी सांगायला लागलो, "समुद्र आम्ल होतोय."

"म्हणजे आंबट?" शिपायाच्या बायकोने विचारलं.

"तसंच समजा."

"मगे मास्तर, तिसऱ्यांच्या कालवणात सोलां घालूक नको?"

आमसुलं वाचणार म्हणून तिघी हसल्या. मी निळा कागद पाण्यात बुडवला. "आता लाल होईल, बघा." तो निळाच राहिला. दुसराही. तेव्हा आठवलं, नववीला मीच शिकवतो, समुद्राचं पाणी अल्कधर्मी असतं. तो गुण हळूहळू कमी होतोय, एवढंच मासिकात होतं. इतका बारीक फरक लिटमसला कळत नाही. मलाही कळला नव्हता.

शिपायाच्या बायकोने एक तिसरी माझ्या हातावर ठेवली. "कागदाचा माका कळना. पण दाबून बघा. पयली ह्यो बोटान फुटनासल्यो."

दाबली तर फुटली, आणि माझा अंगठा कापला.

"हे कशाने?" मी विचारलं. मास्तर मी होतो.

"पावसात नदीची माती येता, उदक गोडां जाता. तुमचो धूरय आसत."

धूर किती आणि माती किती, हे माझ्या लिटमसने मोजता येणार नव्हतं. म्हणून मी तिला वर्गात बोलावलं. इस्त्रीची साडी नेसून ती आली. लहान तिसऱ्या परत वाळूत का सोडायच्या, हे तिने दहा मिनिटांत सांगितलं. मुलांचे प्रश्न संपेनात. शेवटी ती म्हणाली, "आता मास्तरांक विचारा." मुलांनी दप्तरं आवरायला घेतली.

पुढच्या ओहोटीला मी टोपली घेऊन गेलो. दोन तासांत अकरा तिसऱ्या मिळाल्या. त्यातल्या सात तिने मला परत पुरायला लावल्या.