तीन वर्षांचा बोकड

सत्तरच्या दशकात मी सांगलीला एम.एस्सी. करत होते. विषय थायमस, म्हणजे छातीपासून मानेपर्यंत पसरलेली एक ग्रंथी. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथं तयार होतात. पंधरा दिवसांत सरांना तिच्या स्लाइड दाखवायच्या होत्या, नाहीतर वर्ष वाया. मी औंधच्या मामांना पत्र टाकलं, बोकड कापाल तेव्हा त्याच्या मानेचा भाग पाठवा.

मामा स्वतःच एसटीनं आले, ओल्या फडक्यात भलामोठा तुकडा गुंडाळून. "तीन वर्सांचा बोकड हाय. भाचीच्या परीक्षेला बारकं कसं देऊ?"

चिरून पाहिलं तर नुसती चरबी. वय वाढलं की ही ग्रंथी आटते, हे मी पत्रात लिहिलंच नव्हतं. चूक माझी, पण भडकले मामांवर. "आवं मामा, कोवळं पायजे होतं. माझं वर्ष बुडवलंत तुमी."

मामांनी तो तुकडा उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाले, "कोवळ्यात असं काय असतंय गं?"

मी फणकाऱ्यानंच सांगितलं. अंगातल्या सगळ्या पेशींत जीन तेच. थायमसमध्ये आलेल्या पेशीत त्यातले काही बंद पडतात, काही चालू होतात, आणि मग ती लढणारी पेशी होते.

"मंजी उसाला पाणी पाजतो तसंच की. पाट एकच. एक दारं बांधून पाणी आडवायचं, दुसरं मोडून सोडायचं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. सर महिनाभर हेच तर शिकवत होते.

तिसऱ्या दिवशी मामा परत हजर, या वेळी करडाची मान घेऊन. ग्रंथी कशी छान टपोरी होती. स्लाइड वेळेत झाल्या, सरांना पसंत पडल्या. पुढच्या फेरीला मामा आले तेव्हा मी त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं.

"लय ठिपकं हायत की. समदे लढाईला जात्यात?"

"न्हाई मामा. बहुतेक तिथंच मरतात."

मामा बराच वेळ बघत राहिले. आमच्याकडं इतकं कोवळं करडू कुणी कापत नाही, म्हणून मी विचारलं, "कुणाकडनं आणलंत?"

"घरचंच. मामीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. तिनंच दाव्याचं सोडून दिलं माझ्या हातात."

मला एकदम रडू आलं.

"वरीस वाचलं न्हवं?" मामा म्हणाले, आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला.