रशियन बाईचा जबाब

ती दुपार अजून डोक्यातून जात नाही. पिंगळीहून एका गावकऱ्याचा आमच्या ठाण्यात फोन आला. "साहेब, एक गोरी बाई रुळाच्या कडंनं पळायलीय. हेर असंल. आमी धरून ठिवलंय."

बाईला परभणीला आणले. जवळ पासपोर्ट नाही, मोबाइल नाही, इंग्रजीही येत नव्हते. ती रशियन असावी, एवढे बोलण्यावरून कळले. परदेशी म्हटल्यावर जिल्हा कार्यालयातून एक वरिष्ठ आले. त्यांच्या आधी त्यांच्या गणवेशाची इस्त्री आत आली.

"हेरगिरीची शक्यता आहे. सगळे पद्धतशीर झाले पाहिजे."

पद्धत म्हणजे जबाबाचा क्रम: नाव, वय, धंदा, राहणार. महिला अंमलदाराने संगणकावर भाषांतराचे पान उघडून विचारले, पतीच्या नावासह तुमचे संपूर्ण नाव काय? रशियन उत्तर वाचायला आम्ही सज्ज. बाईने प्रश्न वाचून टेबलावर हात आपटला आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढला. त्यावर रशियन अक्षरे कुठून असणार?

"सर, तिला काहीतरी सांगायचंय," अंमलदार म्हणाली.

"आधी नाव. नावाशिवाय जबाब होतो का?"

बाई सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. पळायचा बेत असलेला माणूस दाराकडे बघतो. हिचे काहीतरी हातातून निसटत होते.

त्या पानावर एक सोय होती. रशियन शब्द उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांत टाइप केला, की त्याची रशियन अक्षरे होत. मी ती सुरू केली, "मॉस्को" टाइप करून दाखवले आणि माझी खुर्ची तिला दिली. ती टाइप करू लागली. शेजारी मराठी उमटले: "मुलगी गाडीत आहे. पाच वर्षांची. मी पाण्यासाठी उतरले, गाडी सुटली."

गाडी तोवर परभणी सोडून पुढे गेली होती.

"खातरजमा करावी लागेल," वरिष्ठ म्हणाले.

"गाडी थांबणार नाही, सर," मी म्हणालो आणि सेलू स्टेशनला फोन लावला. डब्याचा क्रमांक बाईने टाइप केला.

बाईला घेऊन आम्ही जीपने सेलूकडे निघालो असतानाच तिथल्या शिपायाचा फोन आला. "पोरगी सापडली, साहेब. पण डब्यातली एक मावशी तिला मांडीवर घिऊन फलाटावर बसलीय. देईनाच! म्हणती, आईला आणा, पोलिसाला न्हाई द्यायची."

"बसू दे," मी म्हणालो.

माणूस घाबरून ठाण्यात येतो तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट असते, आणि आमच्या क्रमात ती शेवटी येते. पुढे निवृत्तीपर्यंत मी पहिला प्रश्न "काय झालं?" हाच विचारला. त्या मावशींनी मात्र मुलीला शेवटी आईच्याच हाती दिले. आमच्यापैकी कुणावर त्यांचा विश्वास बसला नाही, आणि त्या दुपारपुरते त्यांचे बरोबर होते.