रंगुबाईचे पस्तीस मार्क

बहात्तरच्या दुष्काळात कर्जत तालुक्यातली निम्मी माणसं खडी फोडत होती. खडी फोडता फोडता गणितं सोडवणारी त्यात एकटी रंगुबाई.

वय अठ्ठावीस, पदरी दोन पोरं. सहावीतून शाळा सुटलेली. येत्या जूनला गावात बालवाडी निघणार होती आणि शिकवायला सातवी पास बाई हवी होती. म्हणून रंगुबाई बाहेरून परीक्षेला बसत होती. बाकीचे विषय तिला जमायचे. गणितात मात्र आदल्या वर्षी अकरा मार्क पडले होते. "यंदा जमलं तर ठीक, न्हाईतर परगावची बाई आनू," असं सरपंचांनी सांगून टाकलेलं.

नवरा सहादू कर्जतच्या एका कचेरीत रोजंदारीवर पाणी भरायचा. तिथल्या भिंतीवरचा तक्ता बघून त्यानं बायकोला लाल शाईनं टाइमटेबल करून दिलं. पहाटे चार ते सहा गणित, सहा ते आठ इतिहास, संध्याकाळी भूगोल, मग उजळणी. वर ठळक अक्षरात ध्येय : केंद्रात पहिला नंबर.

पहिल्याच सकाळी सहादू पाटावर बसला.

"रंगू, भाकरी कुठंय?"

"कागदात हाय का बगा."

"म्हंजी?"

"सहा ते आठ इतिहास लिवलाय तुमी. पानी, दळान, सैपाक, एक अक्षर न्हाई. मला वाटलं, ते तुमी करनार असाल."

सहादू उपाशी कामावर गेला. संध्याकाळी येऊन त्यानं तक्त्यात पेन्सिलीनं भर घातली : स्वयंपाक, पंधरा मिनिटं. रंगुबाईनं तो कागद लोणच्याच्या बरणीवर बांधला.

"पयला नंबर काय करायचाय मला? पास व्हायला पस्तीस लागत्यात. मी पस्तीसचंच बगनार."

गावातल्या गुरुजींना विचारून तिनं नेमकी चार प्रकारची गणितं निवडली. रोज एकच. घड्याळ नव्हतं, तर तिनं वेळ मोजायला खडीच्या पाट्या धरल्या. सकाळी कामावर पोचलं की सपाट दगडावर कोळशानं गणित मांडायचं, आणि खडीची दहावी पाटी ओतायच्या आत उत्तर काढायचं. अपूर्णांक असे सुटले, दशांशही. मग काळ-काम आलं आणि गाडं अडलं.

दहा मजूर बारा दिवसांत विहीर खणतात, तर पंधरा मजूर किती दिवसांत? पुस्तक म्हणे, आठ.

"छबू, पंधरा जन एका हिरीत उतरल्यावर कुदळ कुठं हानायची गं?" रंगुबाईनं शेजारच्या छबूबाईला विचारलं.

"आन् दोघी लेकराला पाजाया जात्याल, एक जन तंबाकू मागत हिंडंल. धा लिव."

तेवढ्यात मुकादम रंभाजी आला. "काय गं, हात का थांबलं?"

"मुकादम, पंधरा मानसं हीर किती दिसांत खनत्याल?"

रंभाजीनं छाती काढली. "म्या उभा असलो तर सात."

"आन् नसला तर?"

"तर पाच," छबूबाई म्हणाली. "मधी मधी बोलाया कुनी नसतं."

रंगुबाई चार दिवस पुस्तकाशी भांडली. शेवटी गुरुजी वैतागले. "अगं, पुस्तकातली माणसं तंबाखू खात नाहीत. त्यांना पोरंबाळं नाहीत, मुकादम नाही. ती नुसती खणतात."

"बिचारी," रंगुबाई म्हणाली. त्या दिवसापासून दगडावरचं तिचं एकही उत्तर चुकलं नाही.

परीक्षेत तिनं ओळखीची गणितं तेवढी सोडवली, मार्कांची बेरीज केली. चाळीस भरले. एखाददुसरं चुकलं तरी चालण्याजोगं. तिनं पेपर घडी करून दिला.

"अजून एक तास आहे, बाई," पर्यवेक्षक म्हणाले.

"माजं झालं. चारला टँकर येतुया."

घरी हे ऐकून सहादूनं कपाळाला हात लावला. "तीन गनितं चुकली की गेली ना बालवाडी!" मे महिनाभर तो हेच म्हणत राहिला. रंगुबाई खडी फोडत राहिली, पण निकालाच्या दिवशी चहात तिनं दोनदा साखर घातली.

गुरुजींनी कागद वाचला. गणित, अडतीस. पास.

सहादूला आनंद लपवता येईना आणि हेकाही सोडवेना. "शेवटचा तास बसली असतीस तर पन्नास पडलं असतं."

"पन्नासवालीला बालवाडीत दोन खुर्च्या देत्यात व्हय?" रंगुबाई म्हणाली, आणि कागद घेऊन सरपंचांच्या घराकडं निघाली.