डिस्चार्ज बुकात नसलेला काँगो

"साहेब, मी फॉरेनला गेलो हुतो असं लिहून द्या. न्हायतर आमची मंडळी घरला येत न्हाय."

माळशिरसहून सकाळच्या एसटीने आलेला माणूस माझ्या टेबलासमोर सावधानमध्ये उभा होता. हणमंत वाघमोडे, रिटायर्ड नायक, ड्रायव्हर. मी स्वतः सैन्यातून सुभेदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि आता सोलापुरात माजी सैनिकांच्या कार्यालयात कागदपत्रं बघतो. लोक इथे पेन्शनसाठी येतात, दाखल्यांसाठी येतात. बायको परत यावी म्हणून आलेला हा पहिलाच.

"बसा आधी. झालं काय?"

झालं होतं ते असं. वाघमोडे काँगोत शांतिसेनेच्या हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स वर्षभर चालवून आले होते. मध्यंतरी जावयाने कसल्याशा कार्डासाठी त्यांचं डिस्चार्ज बुक उघडलं. हे पुस्तक निवृत्तीच्या वेळी मिळतं. नोकरी कुठे केली, पदकं कोणती, सगळं त्यात असतं. जावयाने जेवता जेवता मोठ्याने वाचलं, "फॉरेन सर्व्हिस, निल."

भाकरी वाढणारा वाघमोडेंच्या बायकोचा, कलाबाईंचा हात तिथेच थांबला. "मग ते वरीस तुमी कुटं हुता?" त्यांनी एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी त्या जुळे सोलापूरला लेकीकडे निघून आल्या, त्या आल्याच. नवरा कुठे होता ते कागदावर दाखवा, मग येते, असा त्यांचा निरोप होता.

खरं सांगतो, 'काँगो' म्हटल्याबरोबर माझ्या पोटात दुखलं. नोकरीभर मी परदेशी जाणाऱ्यांच्या याद्या टाईप केल्या. आमच्या कंपनीचा आचारी लेबनॉनला जाऊन आला, न्हावी सुदानला जाऊन आला. माझं नाव निघालं की आमचे कमांडिंग ऑफिसर, सीओ साहेब, म्हणायचे, "तू गेलास तर ऑफिस कोण चालवणार?" तेव्हा फार अभिमान वाटायचा. मूर्ख होतो. आता हा ड्रायव्हर समोर बसून आफ्रिकेतली लाल माती, पाऊस, घागरीएवढी केळफुलं सांगत होता आणि मला त्याचं तोंड बंद करावंसं वाटत होतं.

"केळफुलं राहू द्या," मी म्हणालो. "तुम्ही तिकडे कुठल्या युनिटमधून गेलात?"

"युनिट माझंच, सर. पर हॉस्पिटलला अटॅच केलं हुतं."

बस, रोग कळला. सैन्यात जवानाच्या बाबतीत काही घडलं, लग्न, मूल, बदली, परदेश, की युनिट एक ऑर्डर काढतं. तिला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. ती रेकॉर्ड ऑफिसला पोचली तरच तुमच्या नावापुढे नोंद होते. अटॅच केलेल्या माणसाचं पालकत्व कुणाचं, हा जुनाच घोळ. युनिट म्हणालं असेल हॉस्पिटल काढेल, हॉस्पिटल म्हणालं असेल युनिट काढेल. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी!

मनात कितीही जळफळाट असला तरी ड्राफ्ट मी चोख केला. अर्ज गेला. यथावकाश उत्तर आलं. अशी नोंद आमच्याकडे नाही, पुरावा सादर करा.

"मेडल आहे ना?" मी वाघमोडेंना विचारलं. शांतिसेनेचं मेडल सगळ्यांना मिळतं.

वाघमोडे खाली बघायला लागले. "हुतं, सर. बेंदराला बैलाच्या कपाळाला बांधलं. मिरवणुकीत कुटं पडलं, घावलंच न्हाय."

"बैलाच्या?"

"लई गुणी बैल हुता, सर."

मी कपाळावर हात मारून घेतला. ज्या मेडलसाठी मी जीव टाकला असता, ते ह्या पठ्ठ्याने बैलाला घातलं!

सोबत असलेल्यांपैकी एकाचाही पत्ता त्यांच्याकडे नव्हता. डॉक्टरसाहेबांचं नाव विचारलं, तर म्हणाले, "आमी मेजरसाब म्हनायचो." आमचे ऑफिसप्रमुख कर्नलसाहेब रोज विचारायचे, "सुभेदारसाहेब, वाघमोडेचं कुठवर आलं?"

"सर, साक्षीदार मिळेना."

"मग शोधा! माणसाचा संसार अडकलाय."

शेवटी कलाबाईच ऑफिसात आल्या. लेकीच्या स्कूटरवरून उतरून सरळ माझ्या टेबलापाशी. नवरा कोपऱ्यातल्या बाकावर बसलेला, त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"क्लार्कसाहेब, खरं सांगा. हे गेल्तं का न्हाय?"

"मला वाटतं, गेले होते. पण पुरावा नाही."

"पुरावा माझ्यापाशी हाय. पर त्यो ह्येंच्या इरुद्ध हाय."

त्यांनी कमरेची पिशवी उघडून फोटोचे दोन तुकडे टेबलावर ठेवले. एका तुकड्यात निळी टोपी घातलेले तरणेबांड वाघमोडे, आणि त्यांच्या खांद्यावर बाईचा हात. फक्त हात. दुसऱ्या तुकड्यात त्या हाताची मालकीण. गणवेशातली, हसणारी, देखणी.

"तुज्यापाशी हुता व्हय!" वाघमोडे उभेच राहिले. "आन् मी समदी ट्रंक धुंडाळतोय!"

"ह्ये आलं त्या दिवशीच बॅगेत घावला," कलाबाई माझ्याकडेच बघत बोलत होत्या. "कातरीनं कापला. कापला तवा जरा बरं वाटलं."

"मग फेकून का नाही दिलात?"

"फेकला तर भांडू कशावरनं, साहेब?"

मी दुसरा तुकडा उचलला नि खुर्चीतून उठलो. त्या बाईच्या मागे हॉस्पिटलचा बोर्ड होता, त्यावर काँगोतल्या शांतिसेनेच्या मिशनचं नाव होतं. छातीवर नेमप्लेट होती, भिंगातून ती स्वच्छ वाचता येत होती. खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे होते. मिलिटरी नर्सिंगची अधिकारी. इतकी वर्षं मत्सराने जपून ठेवलेला तो तुकडा म्हणजेच आमचा साक्षीदार होता.

"कलाबाई, ह्या बाईच आता तुमच्या नवऱ्याला सोडवतील."

"ही?" त्यांचा चेहरा असा झाला की मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

नाव हाती आल्यावर कर्नलसाहेबांनी ओळखीपाळखीतून त्या सिस्टरना शोधलं. त्या निवृत्त होऊन केरळात राहत होत्या. व्हिडिओ कॉल लावला. कलाबाई पदर खोचून मोबाईलसमोर बसल्या, वाघमोडे त्यांच्या मागे. सिस्टरनी डोळे बारीक करून पाहिलं आणि खळखळून हसल्या.

"अरे, वाघमोडे! वही ड्राइवर न, जो सुई देखते ही भागता था? पूरा हॉस्पिटल जानता था! उस दिन भी टिटनस का इंजेक्शन था. मैंने कंधा पकड़ के रखा, तो किसी ने फोटो खींच लिया."

ऑफिसात एकच हशा पिकला. वाघमोडे लाजून लालबुंद. मी कलाबाईंकडे पाहिलं. त्या हसल्या नव्हत्या, पण खांदे सैल झाले होते.

"ह्ये खरं हाय," त्या हळूच म्हणाल्या. "सुई बगितली की ह्ये म्हशीच्या गोठ्यात जाऊन लपत्यात." मग जरा थांबून, "पर मला वाटत हुतं, ह्ये माज्याबिगर कुनालाच ठावं न्हाय."

ते ऐकून माझं हसू थांबलं.

सिस्टरनी सर्टिफिकेट पाठवलं, आम्ही फोटो चिकटपट्टीने जोडून त्याची कॉपी लावली. काही महिन्यांनी दुरुस्तीचं पत्र आलं. वाघमोडे नि कलाबाई जोडीने डिस्चार्ज बुक घेऊन आले. जिथे 'निल' होतं, तिथे सही-शिक्क्यानिशी 'काँगो' चढलं. कलाबाई लेकीकडून सामान घेऊनच आल्या होत्या. इथूनच एसटी स्टँडवर जाणार होत्या.

"हा तुमचा फोटो," मी पाकीट दिलं. "आता फ्रेम करून भिंतीवर लावा."

"लावनार की." त्यांनी फोटो काढला, निरखून पाहिला. "कातर हाय का, साहेब?"

"कलाबाई!"

"बाई चांगली हाय. तिचा लई उपकार हाय माज्यावर. पर भिंत माजी हाय."

मी ड्रॉवरमधली कात्री दिली. त्यांनी चिकटपट्टीवरून नेमकं कापलं. सिस्टरचा तुकडाही फेकला नाही, परत कमरेच्या पिशवीत ठेवला. दोघं जिना उतरून गेले, तेव्हा वाघमोडेंच्या चालीत असा काही रुबाब होता की मी खिडकीतून बघतच राहिलो. काँगोला गेला म्हणून आधी त्याचा हेवा वाटला होता. आता वेगळ्याच गोष्टीचा वाटत होता.

संध्याकाळी घरी गेलो. बायको भाजी निवडत होती. मी माझं डिस्चार्ज बुक काढलं. त्यात एकही चूक नाही, मीच तपासलेलं. फॉरेन सर्व्हिस निल, तेही अगदी बरोबर.

"अगं," मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "धाकटा झाला त्या वर्षी मी कुठे होतो, आठवतं का तुला?"

तिने मान वर केली नाही.

"असाल कुठंतरी टायपिंग करत."

रेकॉर्डमधली चूक पुरावा जोडला की दुरुस्त होते. माझ्या रेकॉर्डमध्ये चूकच नाही, त्यामुळे अर्ज कुठे करायचा तेच कळत नाही.